नुसती बोडी, प्लॉट नाही

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटरखाली एक खोका आहे. उलट्या निघालेल्या प्रिंट, शाई फासलेले कागद, मधलंच पान गायब असलेले अर्ज, सगळं त्यात जातं. खोका भरला की रद्दीवाला नेतो. आमच्या कथा मंडळाचे किस्सेही माझ्याकडे असेच साचत गेलेत, फक्त ते न्यायला कोणी येत नाही. मग बसल्याबसल्या मीच वाटत सुटते. आज तुम्ही सापडलात.

मंडळ म्हणजे फार काही समजू नका. शहापूरला हायवेला लागून माझं दुकान. मागच्या गल्लीत वाचनालय, वाचनालयाला एक हॉल, हॉलला एक फळा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आठ-दहा माणसं तिथे जमतात आणि एकमेकांच्या कथा ऐकल्यासारखं करतात. मी त्यांच्यात आहे, कारण वर्षाचा अंक टाईप करायला कोणीतरी लागतं.

अध्यक्ष निंबार्ते सर. रिटायर्ड हेडमास्तर. आयुष्यात त्यांनी तीन कथा लिहिल्या आणि तिन्ही मीच टाईप केल्या, त्यामुळे सरांबद्दल जेवढा आदर असायला पाहिजे तेवढा माझ्याकडे उरला नाही. पण दुसऱ्यानं कथा कशी लिहावी, हे विचारा त्यांना. खडू हातात आला की फळ्यावर दोनच शब्द लिहितात. प्लॉट. सेटिंग.

"कथानक, स्थळ-काळ म्हटलं की तुम्हाला झोप येते, म्हणून इंग्रजीत सांगतो," हे वरून. "काय घडलं तो प्लॉट. कुठं घडलं ती सेटिंग. बस."

आणि कोणाचंही वाचन संपलं की सर चष्मा काढून एकच शब्द विचारतात, "शेवट?" म्हणजे शेवट आत्ताच वाचून झालेला असला तरी!

०००

भुरे भाऊ एका सरकारी ऑफिसात बाबू आहेत. माणूस साधा. त्यांनी एकदा हुंड्यावर कथा वाचली. सरांनी चष्मा काढला, शेवट विचारला, शेवट पुन्हा वाचून घेतला आणि म्हणाले, "भुरे, प्लॉट बरा आहे. पण तुमची सेटिंग कमजोर आहे."

भुरे भाऊंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, बीपी लो झाला.

"हे तुमी आज सांगून राहिले का सर?" ते म्हणाले. "सेटिंग असती त मी बावीस वर्सं एकाच टेबलावर बसलो असतो का? माह्या मांगून लागलेले साहेब झाले."

"तसं नाही हो. कथेतली सेटिंग म्हणतोय मी."

"कथेतही लावा लागते का?" भुरे भाऊंनी कागद गोळा केले. "मंग कोनाले भेटू, तेवढं सांगून द्या."

सर हसले, आम्हीही हसलो. पण भुरे भाऊ हसले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पेढ्यांचा खोका घेऊन सरांच्या घरी गेले. त्या वर्षीच्या अंकात त्यांची कथा पहिल्या पानावर आली. मी सरांना विचारलं, कथेत काय बदल केला? सर म्हणाले, "काही नाही. सेटिंग सुधारली आहे त्यांची."

०००

चिखल्याहून परसराम येतो. मँगनीजच्या खाणीत अंडरग्राउंडला आहे. सुटीच्या दिवशी एवढ्या दूर मोटारसायकल हाणत येतो, निंबार्ते सरांचं ऐकतो आणि तेवढीच हाणत परत जातो. या प्रकाराला मी काय म्हणू, मला खरंच कळत नाही.

त्याची पहिली कथा अशी होती की खाणीत एका माणसाची बत्ती विझते. तो अंधारात भिंतीला हात लावून बसतो आणि जोडीदाराची हाक येते का, ते ऐकत राहतो. संपलं. टाईप करताना मी मधेच थांबले होते, आणि मी कोणाच्या कथेला सहसा थांबत नाही.

सरांनी चष्मा काढला. "सेटिंग कुठाय? सकाळ आहे की संध्याकाळ, वाचकाला पत्ता नाही. कथेची सुरुवात निसर्गानं करावी. सूर्योदय टाका."

"सर, खाली सकाळ-संध्याकाळ नसते," परसराम म्हणाला.

"नसते म्हणूनच टाका. वातावरण तयार होते."

पुढच्या महिन्यात पोरगा इमानदारीनं सुधारून घेऊन आला. पहिलं वाक्य होतं, "खाणीच्या पोटात सूर्य उगवला आणि पाखरं किलबिल करू लागली." दुसरं वाक्य, "त्याने बत्ती लावली."

सर मान डोलवत होते. भुरे भाऊंना राहवलं नाही. "अबे, सूर्य उगवला त बत्ती कायले लावली?"

परसराम शांतपणे म्हणाला, "सूर्य सरांचा हाय, भाऊ. बत्ती माही हाय."

०००

आता सरांच्या स्वतःच्या कथेचं सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई गरिबांवरच घसरते.

पुण्याच्या कुठल्यातरी स्पर्धेला कथा पाठवायची होती. सरांचा नायक रोज संध्याकाळी गावच्या मामा तलावावर जाऊन बसायचा आणि उसासे टाकायचा. आमच्याकडे गावोगावी माजी मालगुजारांचे जुने तलाव आहेत, त्यांना मामा तलाव म्हणतात. कथा टाईप झाली, प्रिंट निघाली, आणि सरांना अचानक पुण्याची भीती वाटली.

"वैशाली, पुण्याच्या परीक्षकांना मामा तलाव काय समजणार? सेटिंग भव्य पाहिजे. आपण समुद्र करू."

"सर, तुम्ही समुद्र पाहिला आहे का?"

"टीव्हीवर पाहतोच की."

"मग सगळी कथा फिरून लिहावी लागेल."

"कायला? कॉम्प्युटर आहे ना तुझ्याकडे? तलाव काढ, समुद्र घाल. सगळीकडे."

मी बटण दाबलं. एका झटक्यात झालं. 'तलावाचा'चं 'समुद्राचा' झालं, 'तलावात'चं 'समुद्रात' झालं, व्याकरणाला धक्का नाही. मी म्हणू शकले असते की सर, एकदा वाचून घ्या. म्हटलं नाही. त्यांनी त्याच दिवशी कुरिअर केलं आणि रविवारी कौतुकानं मंडळात वाचायला घेतली.

"गावाच्या पूर्वेला मामा समुद्र होता."

सर पुढे वाचत गेले. उन्हाळ्यात समुद्र आटला की पोरं त्यात क्रिकेट खेळत. यंदा समुद्रात शिंगाडे चांगले आले होते. म्हशी समुद्रात बसल्या की संध्याकाळपर्यंत उठत नसत. सरांचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता, पण हेडमास्तर माणूस, मधे थांबायची सवय नाही. शेवटी वाचलं, "सरपंचांनी रोजगार हमीतून समुद्र खोल करून घेतला."

मागच्या बाकावर दौलत काका होते. धान लावणारे शेतकरी, सत्तरीचे. ते एवढंच म्हणाले, "खोल केला थे बरं केलं, सर. पन गाळ कोनाच्या वावरात टाकला?"

०००

या दौलत काकांची गंमत सांगायची तर ती गंमत नाही, पण आम्ही तिला बरीच वर्षं गंमतच समजत होतो.

काकांची एकच कथा. दर महिन्याला तीच, थोडी मागेपुढे करून. त्यांच्या घरच्या बोडीची. बोडी म्हणजे बांध्यांच्या, धानाच्या खाचरांच्या, डोक्यावर बांधलेला घरचा छोटा तलाव. पावसानं दगा दिला की तिचं पाणी धानाला सोडायचं. काकांच्या आजानं खोदली होती. सुरुवात मला तोंडपाठ आहे, इतक्यांदा मी ती टाईप केली: "हायवेवरून आत वळलं की सिंदीची दोन झाडं लागतात. तिथून पाचशे पावलांवर आमची बोडी. सकाळी पाण्यावरून वारा येतो, तो थंड असतो." पुढे पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, कोणतं झाड कुठे आहे, बदकं कोणत्या कोपऱ्यात उतरतात, मे महिन्यात पाणी कुठल्या दगडापर्यंत राहतं, हे सगळं. आणि घडत काहीच नाही.

सरांचा जीव कासावीस व्हायचा. "काका, सेटिंग आहे, सेटिंगच सेटिंग आहे. प्लॉट कुठाय? नुसती बोडी!"

काका गालातल्या गालात हसायचे.

"बरं, शेवट?"

"पानी हाय अजून, सर."

दर महिन्याला हेच उत्तर. दर महिन्याला हॉल हसायचा. मीही हसायची, खोटं कशाला बोलू.

०००

मग सरांना शिबिराची हुक्की आली. नवोदित लेखकांसाठी जाहीर मार्गदर्शन. फ्लेक्सचा मजकूर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला आणि म्हणाले, एक काना इकडचा तिकडे करू नको. मी केला नाही. हायवेच्या चौकात मोठ्ठा फ्लेक्स लागला: "प्लॉट कसा निवडावा? सेटिंग कशी जमवावी? मोफत मार्गदर्शन. रविवार, सकाळी दहा. वाचनालय."

आता शहापूरच्या हायवेवर माणसाला दुसरं काय सुचणार? दोन्ही बाजूंनी वावरांचे तुकडे करून प्लॉट विकणारे लेआउटच लेआउट पडून राहिलेत. रविवारी वाचनालयासमोर मोटारसायकल लावायला जागा नव्हती. सरांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "बघ, साहित्याची भूक आहे समाजात."

सरांनी सुरू केलं. "प्लॉट नेहमी आपल्या ओळखीच्या जागेतला घ्यावा."

"बरोबर हाय," मागून दहा जणांनी माना हलवल्या.

एकानं हात वर केला. "सर, एनए झालेला हाय का?"

सरांना एनए म्हणजे वावर बिगरशेती करून घेणं हे माहीत होतं की नाही देव जाणे. त्या क्षणी बहुतेक साहित्यातला काही प्रकार वाटला असावा. "नवोदितांनी त्याची काळजी करू नये," ते म्हणाले.

"अन् कॉर्नरचा भेटन का?"

"वळण तर पाहिजेच! वळणाशिवाय प्लॉट नाही."

अर्ध्या तासात हॉल रिकामा झाला. जाताना एक जण मला म्हणाला, ताई, हा मास्तर रेट काही सांगून नाही राहिला. बाकी गेले, एकच माणूस राहिला. विक्कीभाऊ. पांढरा शर्ट, गॉगल डोक्यावर. तो स्वतःच लेआउट पाडतो, आपल्या एरियात हा दुसरा कोण उगवला ते पाहायला आला होता. चहा येऊन राहिला होता म्हणून बसला.

तेवढ्यात नेहमीप्रमाणे दौलत काका वाचायला उठले. सिंदीची दोन झाडं, पाचशे पावलं, थंड वारा. सर फ्लेक्सचा फोटो कोणाला तरी पाठवत होते. भुरे भाऊ चहाकडे पाहत होते. मी काय करत होते ते मला आठवत नाही, म्हणजे काही करत नव्हते. ऐकत होता एकटा विक्कीभाऊ, पुढे सरकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर ठेवून.

"काका, सिंदीची झाडं म्हन्जे पंपाच्या पुढंच ना?"

"हो, हो, थेच!"

"तिथून आत रस्ता कसा हाय?"

"बंडी जाते. टॅक्टरही जाते."

"बोडी केवढी हाय? नावावर कोनाच्या हाय?"

इतक्या वर्षांत काकांना त्यांच्या बोडीबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. लांबी-रुंदी सांगितली, पाळ कुठून कुठे जाते ते हवेत हात फिरवून दाखवलं, दोन्ही भावांची नावं, घर कुठे, सगळं. चेहरा इतका फुलला होता त्यांचा.

सर आम्हाला हळूच म्हणाले, "याला म्हणतात रसिक. शिका काही."

दुसऱ्या दिवशी तो रसिक माझ्या दुकानात आला. "ताई, त्या काकाची गोष्ट भेटन का? लय आवडली." मंडळाच्या इतिहासात कोणाची कथा मागून नेणारा हा पहिला माणूस. मी प्रिंट काढून दिली आणि वरून लॅमिनेशनही करून दिलं.

०००

पोळ्याच्या आधी दौलत काका दुपारी दुकानात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"वैशू, यंदा माही गोष्ट अंकात घाल वो बाई."

"काका, सर म्हणतात त्यात प्लॉट..."

"सरायले तू सांग. थो विक्की घरी येऊन राहिला. माह्ये दोघं भाऊ बोडी बुजवा म्हन्तेत. मी बोललो त ऐकत नाहीत, म्हन्तेत म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं. छापून आलेलं असन त ऐकतीन. दिवाळीले सगळे घरी जमतेत, तवा वाचून दाखवतो."

मी सरांकडे गेले. हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "वैशाली, सहानुभूतीवर अंक निघत नसतो. त्यांना म्हणावं, प्लॉट आणा, लगेच छापतो."

अंकात शेवटचं एक पान कोरं राहत होतं. काकांची कथा बरोबर एका पानाची. फाइल माझ्याकडे, मशीन माझं, सरांना छापून आल्यावरच कळलं असतं. मी त्या पानावर गुलाबाचं फूल टाकलं आणि खाली लिहिलं, शुभ दीपावली. सरांना एवढी नावं ठेवते ना मी, तेव्हा हेही सांगायला पाहिजे.

दिवाळीत काकांनी हातानं लिहिलेले कागदच भावांना वाचून दाखवले म्हणे. पुतण्यानं त्याचा व्हिडिओ काढला आणि सगळे हसले. मग हिस्से पडले. बोडीचा खोलगट भाग काकांकडे आला, पाळ धाकट्या भावाकडे गेली. धान निघाल्यावर भावानं जेसीबी लावून आपली पाळ फोडली. आपलीच होती ना, कोण काय बोलणार? दोन दिवस पाणी खालच्या वावरांतून वाहत होतं. परसराम येताना थांबला होता तिथे. म्हणाला, काका पाळीच्या राहिलेल्या तुकड्यावर बसून होते आणि जाणाऱ्या पाण्याकडे पाहत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनीही विक्कीला सही करून दिली.

तीन महिने काका मंडळात आले नाहीत. सर एकदा म्हणाले, "बरं झालं, विषय संपले असतील."

०००

मग मार्चच्या पहिल्या रविवारी आले. धुतलेला सदरा, खिशात घडी केलेला कागद. माझ्या बाजूनं जाताना थांबले.

"वैशू, छापून आलं वो बाई."

मला काही उलगडा झाला नाही. सर फळ्याजवळ होते. "या काका, या! आज काय, बोडीच का?"

"बोडीच हाय, सर. पन आता प्लॉट पडले तिच्यात."

सरांच्या हातातला खडू खाली पडला, इतका आनंद झाला त्यांना. "ऐका रे सगळे! किती वर्षं मी यांच्या मागे लागलोय. शेवटी जमलं की नाही? वाचा काका, वाचा. पुढे येऊन वाचा."

काका पुढे गेले. घडी उघडली. गुळगुळीत रंगीत कागद होता, माझ्या दुकानातला नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि नेहमीच्याच आवाजात सुरू केलं.

"हायवेवरून आत वळलं की सिंदीची दोन झाडं लागतात. तिथून पाचशे पावलांवर..." 

शब्द न् शब्द तेच. थंड वारा तोच. 'वारा येतो' नंतर मी टाकलेला स्वल्पविरामही तिथेच असणार, काका तिथे बरोबर थांबले. भुरे भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. परसराम मान खाली घालून बसला होता. सर डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनमधून "वा" म्हणत होते.

काका थांबले. सरांनी डोळे उघडले, चष्मा काढला.

"सेटिंग उत्तम. आणि शेवट?"

काकांनी कागद उलटा केला आणि मागची ओळ वाचली.

"बुकिंग चालू आहे."